कॉइलचा उत्तर ध्रुव कुठल्या तोंडाला? कांडी, प्रदक्षिणा आणि उजवा हात

शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की आमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन प्रकारचे लोक येतात. एक नेहमीचे, बोअरची मोटर जळाली म्हणून टेम्पोत घालून भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला, आणणारे. दुसरी दहावीतली पोरं. हातात खिळ्याला गुंडाळलेली तार, खिशात सेल, आणि तोंडात एकच प्रश्न: "अण्णा, याचं नॉर्थ कुठल्या बाजूला ओ?"

पोरांना तो प्रश्न मार्कांपुरता वाटतो. पण मोटर भरताना आम्हाला दिवसभर हाच प्रश्न पडलेला असतो, कारण स्टेटरमधल्या (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागातल्या) एका कॉइलचा, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा, ध्रुव उलटा पडला तर अख्खी मोटर नुसती घुमत बसते. म्हणून जे पोरांना सांगतो तेच इथे नीट लिहून काढतोय. दहावीच्या विद्यार्थ्याला चालेल, आयटीआयला नव्याने लागलेल्याला चालेल, आणि घरी काहीतरी करून बघणाऱ्यालाही.

सुरुवातीलाच मुद्द्याचं सांगतो. तार कुठल्या टोकातून आत शिरली, कुठून बाहेर पडली, वेढे किती, थर किती, यातल्या कशावरूनही उत्तर-दक्षिण ठरत नाही. कॉइलच्या तोंडाकडे समोरून बघा आणि विद्युतधारा कुठल्या बाजूने गोल फिरते एवढंच विचारा. बाकी सगळं त्यातून निघतं.

सामान

सुपर इनॅमल तांब्याची तार, २६ गेज, ८ मीटर. रिवाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात ती मीटरवर नाही, वजनावर मिळते. ८ मीटर म्हणजे जेमतेम १२ ग्रॅम भरते, त्यामुळे दुकानदार तुमच्याकडे जरा बघत राहील. सरळ "शाळेच्या प्रयोगाला पाहिजे" म्हणून सांगा.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचा ७-८ सेंटीमीटरचा तुकडा. दीड व्होल्टचा एक जाड सेल. होकायंत्र, म्हणजे पुस्तकातली चुंबकसूची. पॉलिश पेपर, चिकटपट्टी, आणि लाल दोऱ्याचा एक तुकडा. सोलापुरात दोरा कुणाकडेही सापडतो, तो विकत आणू नका.

लाकडी पाट किंवा लाकडी टेबल पाहिजेच. पत्र्याच्या टेबलावर हा प्रयोग करू नका, पोलादी कपाटाजवळ तर नकोच. आमच्या दुकानातलं टेबल लोखंडी आहे. त्यावर सुई अशी काही भरकटते की तिच्यापुढे नवखा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो. मी पाट गल्लीतल्या कट्ट्यावर नेऊन मांडतो.

आधी सुई खरी आहे का ते बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि निम्मी उलटी उत्तरं इथूनच येतात.

स्वस्तातलं होकायंत्र स्पीकरच्या चुंबकाजवळ किंवा मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हराजवळ राहिलं तर त्याची सुई उलटी चुंबकित होऊ शकते. मग लाल टोक बिनधास्त दक्षिण दाखवतं आणि तुम्ही नियमालाच दोष देता. तेव्हा उघड्यावर, लोखंडापासून लांब उभं राहून सुई स्थिर होऊ द्या. सोलापूरकरांना दिशा कळायला फार लांब जावं लागत नाही. तुळजापूर रोड शहरातून साधारण उत्तरेला निघतो, विजापूर रोड दक्षिणेला. लाल टोक तुळजापूरच्या अंगाला असलं तर सुई ठीक. विजापूरकडे तोंड करून बसली असेल तर सुई उलटी आहे. ती फेकू नका, पांढऱ्या टोकावर लाल खूण करा आणि वापरा.

इथेच एक गोंधळ मिटवून घेऊ. सुईचं लाल टोक हा सुईचा उत्तर ध्रुव. तो पृथ्वीच्या उत्तरेकडे ओढला जातो, याचा अर्थ तिकडे पृथ्वीचा चुंबकीय दक्षिण ध्रुव आहे. ऐकायला विचित्र, पण तसंच आहे. आपल्याला लागणारी गोष्ट यातून एकच: लाल टोक जिकडे वळतं ती त्या जागेवरच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. लाल टोक कॉइलच्या तोंडाकडे वळलं तर ते तोंड दक्षिण. लाल टोक तोंडापासून लांब पळालं तर ते तोंड उत्तर.

गुंडाळणं

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मागवाल्याकडे कांड्या भरायची, म्हणजे विणकामासाठी नळीवर सूत गुंडाळायची. कांडी भरणं म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्याला कॉइल शिकवायला पाच मिनिटं पुरतात. चाती (कांडी फिरवणारा दांडा) एकाच बाजूने गरगर फिरते, सूत मात्र कांडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं आणि परत येतं. कॉइल हुबेहूब तशीच. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे थरांच्या भानगडीत ते उपयोगी पडणार आहे.

पाइपाचा तुकडा पाटावर आडवा धरा, तुमच्या डावीकडे एक तोंड, उजवीकडे दुसरं. तारेचं १५ सेंटीमीटरचं टोक मोकळं सोडून डाव्या बाजूला चिकटपट्टीने पक्कं करा आणि त्या टोकाला लाल दोरा बांधा. हे सुरुवातीचं टोक. आता तार पाइपाच्या समोरच्या अंगाने खालून वर न्या, वरून पलीकडे, मागून खाली, आणि बुडाखालून पुन्हा आपल्याकडे. असे वेढे एकाला एक चिकटून उजवीकडे सरकत घाला. २६ गेजची तार जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणून १०० वेढ्यांना सुमारे ५ सेंटीमीटर जागा लागते. मोजताना दहा-दहाचे गट करा. मध्ये कुणी हाक मारली तर वेढा बोटाने दाबून धरून मगच उत्तर द्या.

शेवटचं टोकही १५ सेंटीमीटर मोकळं ठेवा. मग दोन्ही टोकं एकेक सेंटीमीटर पॉलिश पेपरने घासा, अगदी गुलाबी चकाकी येईपर्यंत. तारेवर इनॅमलचा पारदर्शक थर असतो, तो दिसत नाही आणि वीज जाऊ देत नाही. "अण्णा, काहीच होईना" म्हणून परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे केलेलं नसतं.

(पूर्वी हा थर इनॅमलचा नसून सुताचा असायचा. १८२५ साली विल्यम स्टर्जनने इंग्लंडमध्ये पहिला विद्युतचुंबक केला तेव्हा उघड्या तारेचे फक्त १८ वेढे होते, एकमेकांना न चिकटलेले, लोखंडाच्या नालाला वार्निश लावून त्यावर घातलेले. पुढे अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमाचा धागा गुंडाळला आणि मग वेढ्यावर वेढा, थरावर थर घालता यायला लागले. जुन्या मोटरी उघडल्या की अजून सुती वेष्टनाची तार निघते. चादरींच्या गावात बसून हे सांगताना मला उगाचच बरं वाटतं.)

प्लस कुठला

सेलवर टोपीसारखा उंचवटा असतो तो प्लस, सपाट बूड मायनस. विद्युतधारा प्लसमधून निघून कॉइलमधून मायनसला जाते असं धरायचं. प्रत्यक्षात तारेत इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने सरकतात, पण सगळे नियम प्लस-मायनस धरूनच बांधलेत, त्यामुळे इलेक्ट्रॉन या कामापुरते विसरा. इलेक्ट्रॉन धरून पुढे येणारा उजव्या हाताचा नियम लावला की उत्तर हमखास उलटं येतं.

जुनी बॅटरी किंवा खुणा पुसलेला ॲडॅप्टर असेल तर मल्टिमीटर लावा. मल्टिमीटर नसेल तर बटाटा कापा. तांब्याच्या दोन्ही तारा बटाट्यात थोड्या अंतरावर खुपसल्या की काही मिनिटांत प्लसच्या तारेभोवती हिरवट डाग येतो. बटाटा नंतर खाऊ नका.

घरातल्या प्लगला मात्र ही कॉइल कधीही, एका सेकंदासाठीही लावायची नाही. जिवाला धोका तर आहेच, शिवाय उत्तरही मिळणार नाही. घरचा पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे धारेची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, आणि तिच्यामागे धावणं सुईला जमत नाही.

आता दिशा ठरवू

सेल अजून लावायचा नाही. आधी कागदावर उत्तर लिहायचं, मग सुईला विचारायचं. आधी सुई बघून मग नियम जुळवणारा माणूस कधीच शिकत नाही, हे माझं ठाम मत आहे.

लाल दोऱ्याच्या टोकाला प्लस लावणार असं ठरवा. धारा लाल दोऱ्याकडून शिरेल आणि तुम्ही तार जशी गुंडाळली तशीच जाईल: समोरच्या अंगाने वर, माथ्यावरून पलीकडे, मागून खाली. पाइपावर पेनाने तसे दोन-तीन बाण काढा. बाण काढायला लाजू नका, तीस वर्षं मोटरी भरून मी अजून काढतो.

आता उजवा हात पुढे करा, हुतात्मा चौकातला पोलीस गाड्या थांबवायला करतो तसा. तळहात पाइपाकडे, बोटं वर. तळहात पाइपाच्या समोरच्या अंगाला टेकवा आणि बोटं बाणांच्या दिशेने माथ्यावरून पलीकडे वळवा. अंगठा कुठे गेला? डावीकडे. म्हणजे पाइपाच्या आतलं चुंबकीय क्षेत्र उजवीकडून डावीकडे आहे, आणि डावं तोंड हा उत्तर ध्रुव. पुस्तकातला उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम सरळ तारेसाठी सांगतात तेव्हा अंगठा धारेच्या दिशेने आणि बोटं क्षेत्राच्या दिशेने असतात. कॉइलला उलट: बोटं धारेबरोबर, अंगठा क्षेत्राबरोबर. हात तोच, कामांची अदलाबदल. परीक्षेत मार्क जातात ते या अदलाबदलीत.

आणि डावा हात खिशात ठेवा. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तारेवर पडणाऱ्या बलासाठी आहे, मोटर का फिरते ते सांगायला. ध्रुव शोधायला तो वापरायचा नाही.

हाताची कसरत जमत नसेल त्यांच्यासाठी माझी दुसरी युक्ती आहे, आणि मला तीच जास्त आवडते. कॉइलच्या एका तोंडासमोर जा आणि डोळा त्या भोकाला लावल्यासारखं बघा. धारा कशी फिरताना दिसते? घड्याळाच्या काट्यांसारखी, म्हणजे वरून बघितल्यावर देवळातली प्रदक्षिणा दिसते तशी असेल, तर तुमच्या समोरचं तोंड दक्षिण ध्रुव. प्रदक्षिणा या शब्दातच दक्षिण आहे, वेगळं पाठ करायला नको. उलट्या बाजूने फिरत असेल तर समोरचं तोंड उत्तर.

शब्दाचा अर्थ खरं तर उजव्या हाताशी आहे. देव उजव्या हाताला ठेवून चालायचं ती प्रदक्षिणा, आणि दक्षिण म्हणजे उजवाही. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण दिशा येते. म्हणजे उजव्या हाताचा नियम आणि दक्षिण ध्रुव, दोन्ही एकाच शब्दात सापडले. भाषा करणाऱ्याला कॉइल माहीत नव्हती, हा निव्वळ योगायोग आहे, पण आमच्या पोरांना तो एकदा सांगितला की विसरत नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्या ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात, ती मिरवणूक लहानपणापासून बघितलेल्या पोराला गोल फिरण्याची दिशा काय वेगळी शिकवायची!

आपल्या कॉइलला ही युक्ती लावून बघा. डाव्या तोंडासमोर जाऊन बसा. माथ्यावरची धारा तुमच्या कुठल्या बाजूला पळताना दिसते? डावीकडे. वरून डावीकडे म्हणजे घड्याळाच्या उलट, म्हणून उत्तर. आता उठून उजव्या तोंडासमोर बसा. तीच तार, तीच धारा, पण इथून ती प्रदक्षिणा घालताना दिसते. म्हणून दक्षिण. कॉइल तुम्ही हलवली नाही, फक्त जागा बदललीत. "घड्याळाच्या दिशेने" म्हणताना कुठून बघतोय ते सांगितलं नाही तर त्या वाक्याला काही अर्थ नसतो.

पुस्तकात कॉइल मधोमध कापलेली दाखवतात. एका ओळीत ठिपके, दुसऱ्या ओळीत फुल्या. ठिपका म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या बाणाचं टोक, फुली म्हणजे लांब जाणाऱ्या बाणाची पिसं. ठिपक्यातून बाहेर, फुलीतून आत अशी बोटं वळवली की अंगठा पुन्हा तेच उत्तर देतो.

सुईला विचारायची वेळ

पाइप पूर्व-पश्चिम ठेवा. का, ते सांगतो. सुई मोकळी असताना उत्तरेला तोंड करून असते, म्हणजे पाइपाला आडवी. धारा सुरू झाली की तिला पाइपाच्या दिशेने वळावं लागतं आणि ते वळणं ठळक दिसतं. पाइप उत्तर-दक्षिण ठेवला आणि कॉइलचं क्षेत्र पृथ्वीच्याच दिशेने निघालं, तर सुई हलत नाही. मग पोरं सेल बदलतात, तार बदलतात, शेवटी कॉइल सोडून टाकतात.

होकायंत्र डाव्या तोंडापासून ३ सेंटीमीटरवर, पाइपाच्या पोकळीच्या सरळ रेषेत आणि जमेल तेवढं तिच्याच उंचीला ठेवा. खाली वहीचा गठ्ठा द्या. लाल दोऱ्याचं टोक सेलच्या प्लसला आणि दुसरं मायनसला टेकवा. तीन-चार सेकंद, जास्त नाही. कॉइलचा रोध जेमतेम ०.८ ओहम आहे, त्यामुळे धारा एक अँपिअरच्या घरात जाते, तार कोमट होते आणि सेल लवकर बसतो. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा लिथियम सेल इथे अजिबात वापरू नका.

लाल टोक तोंडापासून लांब पळालं? मग कागदावरचं "डावं तोंड उत्तर" बरोबर. आता सेल उलटा करा, सुई उलटी वळेल. मग सेल सरळ करून होकायंत्र दुसऱ्या तोंडाला न्या.

किती जोर लागतो याचा अंदाज असावा. १०० वेढे ५ सेंटीमीटरमध्ये आणि एक अँपिअर धारा, तर कॉइलच्या मध्यभागी २० ते २५ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) क्षेत्र तयार होतं. सोलापूरला पृथ्वीचं आडवं क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास, म्हणजे कॉइलच्या पोटात त्याच्या पन्नास पट तरी. पण तोंडाबाहेर ते झपाट्याने घटतं. ३ सेंटीमीटरवर सुई काटकोनाच्या निम्म्याहून जास्त वळते, १० सेंटीमीटरवर नुसती हलल्यासारखी होते. लांब ठेवून "वळत नाही" म्हणू नका. १८२० मध्ये कोपनहेगनमध्ये अर्स्टेड या शास्त्रज्ञाकडे तर वेढेही नव्हते, एका तारेजवळ सुई किंचित हलली होती.

एक गंमत मुद्दाम करून बघा. होकायंत्र तोंडापासून काढून पाइपाच्या मधोमध, पण बाहेरच्या अंगाला शेजारी ठेवा. सुई उलटी वळेल! घाबरायचं कारण नाही. बलरेषा उत्तर तोंडातून बाहेर पडतात, बाहेरून वळसा घालून दक्षिण तोंडात शिरतात आणि पोटातून पुन्हा उत्तरेकडे येतात. म्हणून पोटातली दिशा आणि कुशीबाहेरची दिशा एकमेकींच्या विरुद्ध. ध्रुव तपासायचा तर होकायंत्र तोंडासमोरच पाहिजे.

होकायंत्र नसेल तर मोबाइलमधला चुंबकमापी चालतो. क्षेत्राचे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे वेगवेगळे दाखवणारं ॲप घ्या. मोबाइल सपाट ठेवून वरचं टोक कॉइलच्या तोंडाकडे करा. धारा सुरू करताच वायचा आकडा वाढला तर क्षेत्र तोंडात शिरतंय, म्हणजे ते तोंड दक्षिण. घटला किंवा उणे झाला तर उत्तर. कव्हर आधी काढा.

"दुसरा थर उलटा येतो की ओ!"

दुकानात नवीन लागलेल्या एका पोराने मला हे भांडल्यासारखं विचारलं होतं. पहिला थर डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे. मग दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकत नाही का?

मी त्याला विचारलं, "तुझ्या घरी कांड्या भरतात ना? सूत परत येताना चाती उलटी फिरते का बे?"

तो गप्प झाला, मग हसला. चाती एकाच बाजूने फिरते, सूत फक्त सरकतं. कॉइलमध्येही थर कुठे सरकतोय याला महत्त्व नाही, धारा आसाभोवती कुठल्या बाजूने फिरते याला आहे. दुसरा थर परत येताना तुम्ही गुंडाळण्याची बाजू बदलली नाहीत, तर दोन्ही थरांची बेरीजच होते. बाजू बदललीत, म्हणजे समोरून वर न्यायच्या ऐवजी समोरून खाली आणायला लागलात, तर मात्र वजाबाकी. ५० वेढे असे आणि ५० तसे घालून बघा: तार गरम होईल, सुई ढिम्म.

याच कारणाने "प्लस डावीकडून दिला म्हणून उत्तर डावीकडे" हे पाठांतर फसवं आहे. लाल दोरा उजव्या टोकाला बांधून, तिथून सुरुवात करून, पण समोरून वर याच पद्धतीने गुंडाळलं तरी उत्तर डावीकडेच येतं. सुताला जसा दोन बाजूंनी पीळ देता येतो तशी कॉइलही दोन पिळांची होते, आणि प्लस कुठल्या टोकाला एवढ्यावरून ध्रुव सांगणारा माणूस पीळ बघायला विसरलेला असतो.

खिळा घातला की

पोकळ पाइपात लोखंडी बोल्ट किंवा जाड खिळा घाला. क्षेत्र कितीतरी पट वाढतं, दिशा तीच राहते. पण सुईच्या बाबतीत एक फसगत आहे. लोखंड धारा नसतानाही सुईचं कुठलंही टोक जवळ ओढतं. त्यामुळे सुई ओढली गेली एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, ती ढकलली गेली तर खरं. खिळ्यात धारा बंद केल्यावरही थोडं चुंबकत्व उरतं, आणि मागच्या प्रयोगातलं उरलेलं असेल तर ते आजच्या उत्तरात लुडबुड करतं. म्हणून मी पोरांना आधी पोकळ पाइपावर शिकवतो, खिळा नंतर.

स्टेटरमध्ये हेच काम

ज्यांना मोटर भरायला शिकायचंय त्यांच्यासाठी हा भाग, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

धंद्यात पडलो त्या पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याची तीन एचपीची, चार पोलची (चार ध्रुवांची) मोटर भरली. खाचांत कॉइल नीट, वार्निश नीट, सगळं नीट. चालू केली तर घुमायला लागली, तीन फेजचे अँपिअर तीन तऱ्हेचे. मी सगळी मोटर उसवायला बसलो होतो. उस्तादांनी हात धरला, ट्रंकेतून एक जुनं होकायंत्र काढलं आणि पाच मिनिटांत बोट ठेवलं: एका फेजच्या चार ग्रुपपैकी (एकत्र जोडलेल्या कॉइलींच्या गटांपैकी) एकाची टोकं मी उलटी जोडली होती. त्या दिवसापासून वार्निश लावण्याआधी सुई फिरवल्याशिवाय मी मोटर पुढे जाऊ देत नाही.

पद्धत अशी. रोटर (मोटरीचा फिरणारा भाग) बाहेर काढलेला, पुरवठा पूर्ण तोडलेला. तिन्ही फेजची टोकं एकमेकांपासून सोडवलेली. १२ व्होल्टची बॅटरी घ्या आणि तिच्याबरोबर एकसर जोडणीत गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब लावा. बल्ब धारा चार-पाच अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. तो न लावता थेट बॅटरी टेकवली तर ठिणगी उडते आणि बारीक तारेची कॉइल भाजूही शकते. प्लस फेजच्या सुरुवातीला, मायनस शेवटाला. होकायंत्र स्टेटरच्या पोकळीत आतल्या भिंतीच्या कडेने सावकाश फिरवा, भिंतीला अगदी चिकटवू नका, स्टेटरचे लोखंडी पत्रे सुईला ओढतात.

लाल टोक भिंतीकडे वळलं तिथे दक्षिण ध्रुव, भिंतीपासून आत वळलं तिथे उत्तर. चार पोलच्या मोटरीत एका फेरीत उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असं पाळीने आलं पाहिजे. दोन पोलला एकदा उत्तर, एकदा दक्षिण. काही जोडण्यांत फेजचे ग्रुप निम्मेच असतात आणि सगळे एकाच बाजूचे, त्यांच्या मधले ध्रुव आपोआप तयार होतात. तरीही सुईने चार पोलला चार वेळाच बाजू बदलायची. लागोपाठ दोन जागी सुई एकाच बाजूला राहिली तर त्यातल्या एका ग्रुपची टोकं उलटी आहेत. खडूने खूण करा, बॅटरी काढा, ती दोन टोकं बदला आणि पुन्हा फिरवा. मग दुसरी फेज, मग तिसरी, प्रत्येक वेळी प्लस सुरुवातीच्याच टोकाला.

सुरुवातीचं टोक ओळखता यावं म्हणून आम्ही प्रत्येक ग्रुप भरतानाच त्याला रंगीत स्लीव्ह (तारेवर चढवायची नळी) घालतो. आमच्या उस्तादांच्या काळात स्लीव्ह महाग, म्हणून ते लाल सूत बांधायचे. पाइपाच्या तुकड्यावर तुम्हाला लाल दोरा बांधायला लावला तो तिथूनच आला आहे.